गायकाचे कुळ आणि चरित्रकाराचे कर्तव्य

आपल्या मंडळाने ज्ञातीतील दिवंगत गायक-वादकांची अल्पचरित्रे पुढील अंकापासून क्रमशः छापण्याचे योजिले आहे, ही आनंदाची वार्ता होय. कुटुंबांकडून आलेला मजकूर वाचून पाहण्याचे काम मंडळाने आमच्याकडे दिले. आम्ही संगीतज्ञ नाही व इतिहाससंशोधकही नाही. आयुष्यभर शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या, एवढाच काय तो आमचा अधिकार. तथापि वही तपासणाऱ्याला एक सवय जडलेली असते. उत्तर बरोबर दिसले तरी ते कसे काढले, हे तो पाहतो. त्या सवयीने हा मजकूर वाचला असता जे विचार मनात आले, ते ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

आलेल्या कागदांत प्रेम आहे, आदर आहे, विशेषणे तर विपुल आहेत. उणीव दिसते ती दोन ठिकाणी. पहिली उणीव वंशावळीची. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, मग सात-आठ पिढ्यांची पुरुषांची नावे, असा हा वृक्ष उभा असतो. त्यात स्त्रियांना जागा नाही. असलीच तर नुसत्या ‘भार्या’ या शब्दापुरती. एका वंशावळीत तर गायकाच्या मातामहीच्या जागी कोरी रेघ आहे. मात्र त्याच कुटुंबाने सोबत जोडलेल्या आठवणींत, मुलाला पहिला सूर त्या आजीनेच दिला, असे तिघा वृद्धांनी सांगितले आहे. ज्या व्यक्तीपासून गाणे आले, तिचेच नाव गळावे याहून चमत्कारिक ते काय! दुसरी उणीव आरंभीच्या कारकीर्दीची. कोणत्या वयात, कोणत्या साली, कोणाकडे, याचा मेळ बसत नाही. आणि मेळ बसत नाही तेथे कौतुकाचा शब्द घालून फट बुजविलेली असते.

आमच्या मनीषनगरात व आसपास राहणारी आपल्या ज्ञातीची कुटुंबे विदर्भाच्या निरनिराळ्या गावांतून येथे स्थिरावली. जुने दप्तर काहींच्या गावच्या माडीवर राहिले, काहींचे भाऊवाटणीत विखुरले, काहींचे वाळवीने खाल्ले. म्हणून कागद नाहीत याचा दोष कोणासही देता येत नाही. परंतु जे आहे ते नीट वाचावे आणि जे ठाऊक आहे ते गाळू नये, इतके तर आपल्या हाती आहे. या गोष्टीचे महत्त्व किती, हे महाराष्ट्र-गोमंतकातील काही थोर गायकांच्या चरित्रांवरून स्पष्ट होईल.

मंगेशीचे दीनानाथ

मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातील मंगेशी येथे झाला. ते २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात निवर्तले. अवघ्या एकेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी मराठी रंगभूमीवर जो तेजस्वी, चपळ व अनपेक्षित वळणे घेणारा गळा ऐकविला, त्याची छाप पुढील तीन पिढ्यांवर राहिली. असा पुरुष आपल्या ज्ञातीचा असावा, असे कोणास वाटणार नाही? आणि येथेच चरित्रकाराची कसोटी लागते.

दीनानाथांचे वडील गणेशभट नवाथे हे कऱ्हाडे ब्राह्मण. मंगेशीच्या देवळात अभिषेकाचा मान त्यांच्या घराण्याकडे, म्हणून ‘अभिषेकी’ हेही त्यांचे उपनाम. मातोश्री येसूबाई राणे या देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत समाजातील. त्या स्वतः गाण्यात जाणत्या होत्या. या समाजातील मुलींना लहानपणापासून गाण्यानाचण्याचे शिक्षण मिळे, देवाच्या उत्सवांत त्यांची हजेरी असे. परंतु विवाहाची प्रतिष्ठा त्यांस नसे आणि त्यांची मुले आईच्या घरी वाढत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या समाजातील सुधारकांनी ही रूढी मोडून काढण्याची चळवळ केली, मुलांमुलींस शाळेत घातले, आणि ‘गोमंतक मराठा’ हे नाव धारण करून स्वाभिमानाने नवे जीवन आरंभिले. आपल्या देशातील समाजसुधारणेच्या इतिहासात हे पान मानाचे आहे.

आता पाहा. वडिलांचे कुळ तेवढे सांगणारा लेखक दीनानाथांस पुजाऱ्याचे पुत्र म्हणून थांबतो. येसूबाई त्याच्या लेखणीतून निसटतात. दुसरा लेखक मातृकुळाचा अभिमान धरून पितृकुळ एका शब्दात उरकतो. दोघांनीही खोटे लिहिलेले नाही. दोघांनीही अर्धे लिहिले आहे. चरित्रात अर्धे सांगितलेले कुळ खोट्याइतकेच दिशाभूल करते. कारण दीनानाथांच्या गाण्याचे मूळ शोधू जाणाऱ्यास एकीकडे देवळातील मंत्रघोष व कीर्तन पाहावे लागते, आणि दुसरीकडे कलावंतिणींच्या घरातील तालीम व बैठक. पुढे जितेंद्र अभिषेकी यांच्यासारखा गायक-संगीतकार याच मंगेशीतून, दीनानाथांच्या पितृकुळातून निपजला, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. गाणे दोन्ही काठांनी वाहत होते.

स्वतः दीनानाथांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या आडनावाने देऊन ठेविले आहे. त्यांनी नवाथे हे नाव लाविले नाही, राणे हेही लाविले नाही. ज्या गावच्या मातीत जन्म झाला व ज्या देवाच्या छायेत दोन्ही कुळे राहिली, त्याचे नाव घेऊन ते मंगेशकर झाले.

पुढच्या पिढीत तर हा वृक्ष आणखी पसरला. दीनानाथांचा विवाह खानदेशातील तापीकाठच्या थाळनेर येथील शेठ हरिदास लाड या गुजराती व्यापाऱ्यांच्या घराण्यात झाला. प्रथम पत्नी नर्मदाबाई निवर्तल्यावर त्यांची धाकटी बहीण शेवंती ही त्यांची पत्नी झाली. मंगेशकर भावंडांची माता ती हीच. ज्येष्ठ कन्या लता यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूर येथे झाला. लहानपणी आजोळच्या आजीकडून गुजराती गरब्याची गाणी त्या शिकल्या. म्हणजे एका गायिकेच्या वंशवेलीत मंगेशीचा पुजारी, गोमंतकातील कलावंत स्त्री आणि खानदेशातील गुजराती व्यापारी घराणे, इतके प्रवाह आले. जन्मगाव माळव्यातील, कर्मभूमी मुंबई. आता सांगावे, कोणत्या ज्ञातीच्या अंकाने त्यांच्यावर हक्क सांगावा? आमचे उत्तर असे की, ज्यांचा ज्यांचा अंश आहे त्या सर्वांनी नाव घ्यावे, परंतु दुसऱ्याचा अंश पुसून कोणीही घेऊ नये.

आडनावावरून कुळ ओळखू नये

गायकांच्या बाबतीत आडनाव हा फार फसवा साक्षीदार आहे. केसरबाई केरकर (जन्म १८९२) यांचे आडनाव केरी या गावावरून आले, मोगूबाई कुर्डीकर (जन्म १९०४) यांचे कुर्डी या गावावरून. दोन्ही गावे गोव्यातली. ही आडनावे गाव सांगतात. वडिलांचे नाव सांगत नाहीत. मोगूबाईंना गाण्याच्या मार्गास लाविले ते त्यांच्या आई जयश्रीबाई यांनी. मुलगी मोठी गायिका व्हावी या एकाच ध्यासाने त्या माउलीने कष्ट काढले, आणि मुलीचे यश पाहण्यापूर्वीच ती निघून गेली. पुढे मोगूबाईंनी आपली कन्या किशोरी आमोणकर यांस घडविले. आई, मुलगी, नात अशी ही सरळ वंशावळ. आपल्या पुरुषांच्या वृक्षात ती बसवावयाची कोठे? आणखी एक नवल असे की, ते कुर्डी गावच साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुमारास पाणी ओसरले म्हणजे देऊळ व घरांचे अवशेष काही आठवडे वर दिसतात. पुरावा पाण्याखाली जातो तो असा; आपल्या गावांतून तर तो धरणावाचूनही जातो.

हिराबाई बडोदेकर यांचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांचा जन्म १९०५ साली मिरजेत झाला. वडील किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँ. त्यांचे मूळ गाव उत्तरेकडील कैराना. मातोश्री ताराबाई या बडोद्याच्या सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या. बडोद्याच्या दरबारात असता खाँसाहेबांचा व त्यांचा परिचय होऊन दोघांनी घरच्या विरोधाला न जुमानता बडोदे सोडले. पुढे उभयतांची फारकत झाली, तेव्हा मुले आईपाशी राहिली. मग थोरल्या मुलाचे, अब्दुल रहमान याचे नाव सुरेशबाबू माने झाले आणि कन्या चंपाकली ही हिराबाई बडोदेकर या नावाने विख्यात झाली. आडनाव आले ते आजोळचे व आजोळच्या गावाचे. तालीम मात्र वडिलांच्या घराण्याचीच राहिली. जो चरित्रकार केवळ आडनाव पाहील त्याला किराण्याचे मूळ दिसणार नाही. जो केवळ गुरुपरंपरा पाहील त्याला ताराबाईंचे धैर्य दिसणार नाही.

एका गायिकेवर तर आपले कुळ न्यायालयात सिद्ध करण्याचा प्रसंग आला. गौहरजान हे नाव आपल्या जुन्या मंडळींस परिचित असेल. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने हिंदुस्थानी संगीताची पहिली ध्वनिमुद्रणे केली, त्यांत त्यांचा गळा होता. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारीत, ते त्या तबकड्यांवर आजही ऐकू येते. त्यांचा जन्म १८७३ साली आझमगड येथे झाला. तेव्हा त्यांचे नाव अँजेलिना येओवर्ड. वडील रॉबर्ट येओवर्ड हे आर्मेनियन वंशाचे, आई व्हिक्टोरिया हेमिंग्ज. आईवडील विभक्त झाल्यावर आईने बनारसेस येऊन मुसलमानी धर्म स्वीकारला व मलकाजान हे नाव घेतले. मुलीची गौहरजान झाली. मलकाजान यांच्या पश्चात घरातील दासीचा मुलगा भगलू याने, आपणच त्यांचा पुत्र व वारस, असा दावा लाविला. तेव्हा ज्या पित्याशी संबंध केव्हाच तुटला होता, त्याला शोधून साक्षीस उभे करावे लागले. त्याने गौहर ही आपली मुलगी असल्याचे सांगितले आणि निकाल गौहरजान यांच्या बाजूने लागला. कीर्ती सर्व देशभर पसरलेली, परंतु ‘तू कोणाची?’ या प्रश्नाला कीर्ती हे उत्तर होत नाही. तेथे साक्षच लागते, हे या खटल्यावरून दिसते.

वय, वर्ष आणि तबकडी

आता आरंभीच्या कारकीर्दीकडे वळू. येथे आपल्या भाषेची एक लकब गोंधळ करिते. आपण ‘तेराव्या वर्षी’ म्हणतो तेव्हा बारा वर्षे पुरी होऊन तेरावे चालू असते. हेच दुसऱ्या लेखकाने ‘तेरा वर्षांची असताना’ असे उतरविले की एक वर्ष वाढले. दीनानाथ वारले तेव्हा लताबाई तेरा वर्षांच्या होत्या, असे पुष्कळ ठिकाणी छापले जाते. २८ सप्टेंबर १९२९ पासून २४ एप्रिल १९४२ पर्यंत मोजले तर बारा वर्षे व सुमारे सात महिने होतात. म्हणजे तेरावे चालू होते. फरक लहान आहे. परंतु लहान मुलीवर घराचा भार पडला, ही गोष्ट ज्या चरित्राचा कणा आहे, तेथे हे वर्ष नीट मोजले पाहिजे. खुद्द दीनानाथांनी किर्लोस्कर नाटक मंडळीत पाऊल ठेविले तेव्हाचे वय कोठे अकरा तर कोठे चौदा असे आढळते. अशा वेळी वय बाजूला ठेवून साल धरावे, आणि नाटकाच्या जाहिराती व सहकाऱ्यांचे लेखन यांच्याशी ते ताडून पाहावे. दीनानाथांचे भागीदार चिंतामणराव कोल्हटकर यांचे ‘बहुरूपी’ हे आत्मचरित्र अशा कामी मोलाचे आहे. त्यास १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सहकाऱ्याची स्मृती ही साक्ष होय. परंतु तीही पुष्कळ वर्षांनी लिहिलेली असते, हे विसरू नये.

शकाचे इसवी सन करितानाही असाच पेच पडतो. जुन्या टिपणांत शकवर्ष असते. त्यात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन निघते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ख्रिस्ती नववर्ष लागल्यापासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ७९ मिळवावे लागतात, हे घाईत राहून जाते. पौष महिन्यातील जन्म असेल तर विशेष सावध राहावे, कारण इसवी सन बहुधा त्याच महिन्यात पालटते. दीनानाथांसारखा डिसेंबरच्या अखेरीचा जन्म अशा घाईत सहज पुढील सालात ढकलला जाईल.

आपल्या नागपुरातील उदाहरण घेऊ. डॉ. वसंतराव देशपांडे यांचा जन्म २ मे १९२० रोजी अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे झाला. बालपण नागपुरात गेले व श्रीराम संगीत विद्यालयात शंकरराव सप्रे यांच्यापाशी त्यांचे शिक्षण झाले. सिव्हिल लाइन्समधील सभागृहास आज त्यांचे नाव आहे. भालजी पेंढारकरांनी त्यांस आठव्या वर्षी हेरले व ‘कालिया मर्दन’ चित्रपटात कृष्णाची भूमिका दिली, असे एका दमात सांगितले जाते. आठवे वर्ष म्हणजे १९२७-२८. आणि ‘कालिया मर्दन’ १९३५ चा. आपल्या देशातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली आला आणि मराठीतला ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली. बोलपटच नव्हता तेव्हा गाणारा कृष्ण पडद्यावर येणार कसा? तेव्हा चित्रपटाचे साल पक्के धरून चालावे, व मुलाच्या वयाची कथा त्यापुढे नमवावी. पंधराव्या वर्षाच्या आसपासचा हा कृष्ण काही कमी गुणी ठरत नाही! उलट शिक्षणाची इतकी वर्षे गाठीस असताना ही भूमिका मिळाली, हे सत्य विद्यार्थ्यांस अधिक उपयोगी आहे. वसंतरावांच्या चरित्रातही आजोळ मोठे. ते पुढे मामांकडे लाहोरास गेले व तेथे असद अली खाँ यांच्याकडे शिकले. ज्याने केवळ देशपांडे घराण्याची वंशावळ काढली, त्याला लाहोरची वाट सापडणार नाही.

छापील पुरावा तरी निर्दोष असतो काय? तोही पारखून घ्यावा लागतो. ‘महल’ हा चित्रपट १९४९ साली आला आणि त्यातील लताबाईंचे गीत घरोघर पोहोचले. परंतु आरंभीच्या तबकडीवर गायिकेचे नाव म्हणून ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव! श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केल्यावर खरे नाव पुढे आले. केवळ तबकडी पाहणारा संशोधक कामिनी नावाची एक गायिका निर्माण करून मोकळा झाला असता. तसेच आकड्यांचे. १९७४ च्या गिनेस ग्रंथात लताबाईंच्या गाण्यांची संख्या पंचवीस हजारांहून कमी नाही, असे छापले गेले. मोहम्मद रफी यांनी त्यास हरकत घेतली. पुढे १९९१ च्या सुमारास ती नोंद काढून टाकण्यात आली आणि २०११ साली त्या ग्रंथाने आशा भोसले यांची नोंद केली, ती अकरा हजारांपर्यंतच्या संख्येने. एकेक तबकडी न मोजता दिलेला आकडा कितीही मोठ्या ग्रंथात छापला तरी तो अंदाजच होय. लताबाईंची थोरवी त्या आकड्यावर कधीच अवलंबून नव्हती.

विदर्भाशी जोडलेला धागा

दीनानाथांची कथा गोव्यात सुरू झाली तरी ती विदर्भावाचून पुरी होत नाही, हेही आपल्या वाचकांस आवडेल. १९१८ साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. तेव्हा दीनानाथांस अठरावे वर्ष चालू होते. या मंडळीसाठी राम गणेश गडकरी यांनी ‘भावबंधन’ लिहिले. गडकरी त्या वेळी रुग्णावस्थेत आपल्या नागपूरजवळील सावनेर येथे होते. नाटक पुरे केले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. दीनानाथांनी त्यातील लतिकेची भूमिका गाजविली. थोरल्या मुलीचे मूळ नाव हेमा; परंतु या लतिकेच्या स्मरणाने ते लता असे झाले. म्हणजे साऱ्या जगाने ज्या नावाचा उच्चार केला ते नाव सावनेरच्या एका घरात, मृत्यूच्या छायेत लिहिलेल्या नाटकातून आले. त्याचप्रमाणे १९२७ च्या ‘रणदुंदुभि’ नाटकात दीनानाथांनी तेजस्विनी उभी केली. त्या नाटकाचे कर्ते अमरावतीचे वीर वामनराव जोशी. रक्ताचे कुळ गोमंतकाचे असेल. परंतु गायकास शब्दाचेही एक कुळ असते आणि त्या कुळात वऱ्हाड-नागपूर आहे.

गायकाची आणखी एक वंशावळ असते ती गुरूंची. दीनानाथांनी आरंभी बाबा माशेलकर यांच्यापाशी धडे घेतले, पुढे रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांस लाभली. वसंतरावांनी दीनानाथांच्या गायकीलाच आदर्श मानिले. त्यांच्यात रक्ताचे नाते कोणतेही नव्हते. तरीही गळ्याच्या दृष्टीने ते दीनानाथांचे वारस ठरले. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. लेखक आपल्या नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. घराण्याची विद्या घराबाहेर जाऊ द्यावी की नाही, हाच त्या नाटकातील झगडा. मंगेशीच्या अभिषेकी कुळातला संगीतकार आणि दीनानाथांना मनोमन गुरू मानणारा नागपूरचा गायक त्या नाटकात एकत्र आले. विद्या रक्ताच्या वाटेनेही जाते व त्याबाहेरच्या वाटेनेही जाते, याचे याहून चांगले उदाहरण कोणते द्यावे?

आपण काय करावे

या सर्वांवरून आमचे मत असे झाले आहे की, गायकाचे कुळ तपासावयाचे ते ज्ञातीचा मान वाढावा म्हणून नव्हे. ज्यांचे ऋण त्या गळ्यावर आहे त्यांची नावे नोंदली जावीत म्हणून. ज्ञातीचा मान सत्य सांगितल्याने कमी होत नाही. आजी देवळात गात होती, आईने नवऱ्याचे घर सोडून मुलाला वाढविले, आजोबा परधर्माचे होते, पहिला गुरू दुसऱ्या ज्ञातीचा होता, अशा गोष्टी लपविण्याची वृत्ती आपल्या समाजात अद्याप आहे. लपविणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. लोक काय म्हणतील ही भीती असते. परंतु ज्या स्त्रीने उपेक्षा सोसून विद्या जतन केली, तिला वंशावळीत पुन्हा एकदा उपेक्षित ठेवण्याचा अधिकार नातवंडांस कोणी दिला? येसूबाईंचे नाव घेतल्याने दीनानाथ लहान झाले नाहीत. ताराबाईंचे नाव घेतल्याने हिराबाई लहान झाल्या नाहीत. आपल्या घरच्या आजीचे नाव घेतल्याने आपणही लहान होणार नाही.

म्हणून पुढील चरित्रांसाठी काही सूचना करितो. वंशावळ पाठविताना प्रत्येक पिढीतील मातेचे नाव, माहेरचे आडनाव व माहेरचे गाव लिहावे. गायकाचे आजोळ निदान दोन पिढ्या मागे न्यावे. जन्मतारीख कोणत्या कागदावरून घेतली ते सोबत लिहावे. शाळेचा दाखला, जन्माची नोंद व जन्मपत्रिका यांत फरक असेल तर तिन्ही तारखा द्याव्यात, आपल्या मनाने एक निवडू नये. वय न लिहिता साल लिहावे. पहिल्या जाहीर गायनाची गोष्ट सांगताना त्या उत्सवाची पत्रिका, वर्तमानपत्रातील कात्रण, आकाशवाणीचे करारपत्र किंवा तबकडी यांपैकी काही मिळाल्यास त्याची प्रत जोडावी. वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्याव्यात व खाली तारीख घालावी. दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही ठेवाव्यात. गुरूंची नावे, ते कोणत्याही ज्ञातीचे वा धर्माचे असोत, आदराने व पूर्णपणे लिहावीत. आणि ज्याला पुरावा नाही अशी दंतकथा कितीही गोड असली तरी ‘असे सांगतात’ या दोन शब्दांवाचून छापू नये.

हे काम तरुणांनी अंगावर घ्यावे. त्यांच्या हाती आज छायाचित्र काढण्याची व आवाज साठविण्याची साधने सदैव असतात. सुटीत गावी गेल्यावर माडीवरची पेटी उघडावी आणि आजीजवळ तासभर बसावे, एवढेच मागणे आहे. वृद्धांस विनंती अशी की, जे ठाऊक आहे ते संकोच न करिता सांगावे. ज्या वंशावळीत मातामहीच्या जागी कोरी रेघ आहे असे वर म्हटले, ती त्या कुटुंबाकडे आम्ही विनंतीपूर्वक परत पाठविली आहे. ते नाव भरून आले म्हणजे त्या गायकाचे चरित्र छापण्यास घ्यावे, अशी आमची मंडळास शिफारस आहे.

मनीषनगर, नागपूर